चिन्ह तेच, हुकूम नवा : हाली रुपयापासून ‘फाय’पर्यंत

गणिताच्या छपाईचा इतिहास हा आपल्या मालिकेतला तसा कोरडा विषय आहे. त्यातही आज आपण त्याच्या एका कोपऱ्यातच जाणार आहोत. संगणकावर गणित जुळवणाऱ्या व्यवस्थेत एखाद्या चिन्हाचं नाव तसंच ठेवून त्याचं रूप बदलायचं, म्हणजे त्या नावाची व्याख्या नव्याने लिहायची, हा आजचा मुद्दा. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण नाव तेच ठेवून आतला अर्थ बदलला की काय होतं, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. म्हणून सुरुवात इथल्याच बाजारातून करू.

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, त्याला म्हणायचे हाली सिक्का. इंग्रजी अमलातला रुपया तो कलदार. दोन्हींचं नाव रुपयाच, दोन्हींचे आणे सोळाच; पण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. आता हिशोब करून बघा. समजा कागदावर ‘रुपये शंभर’ एवढंच लिहिलंय. ते हाली असतील तर त्यांचे कलदार होतात ८५ रुपये ११ आणे ५ पै. म्हणजे एका विशेषणाची किंमत चौदा रुपयांहून जास्त! शेतजमिनीच्या गहाणखतात ‘हाली’ हा शब्द का घालायचे, आणि तो गाळला की भांडण कसं उभं राहील, हे वेगळं सांगायला नको.

पोलीस कारवाईनंतरही हे एकदम संपलं नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या शेजारी येऊन बसला, पुढच्या वर्षी हाली काढणं थांबलं, पण ते नाणं पूर्ण रद्द व्हायला १९५९ उजाडलं. म्हणजे नऊ-दहा वर्षं एकाच पेठेत एकाच नावाच्या दोन गोष्टी चालत होत्या. लोकांनी त्यावर तोडगाही काढला. नुसतं ‘रुपया’ म्हणायचं नाही, ‘हाली’ किंवा ‘कलदार’ जोडायचं. हा तोडगा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

त्याच दशकात सरकारनंही एक नाव बदललं, आणि आमच्या मते फार शहाणपणानं बदललं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. आता रुपयाचे शंभर भाग होणार. त्या शंभराव्या भागाला सरळ ‘पैसा’ म्हटलं असतं तर चौसष्टाव्या भागाशी गोंधळ झाला असता. म्हणून त्याला नाव दिलं ‘नया पैसा’. जुना पैसा जुन्या नावानं चालत राहिला. सात वर्षांनी, १९६४ मध्ये, जुनी नाणी व्यवहारातून गेली तेव्हा ‘नया’ काढून टाकला. आधी नव्या वस्तूला नवं नाव, जुनी वस्तू वापरातून जाईपर्यंत थांबायचं, आणि मगच मोकळं झालेलं नाव तिला द्यायचं. हा क्रम नीट बघा. संगणकावर चिन्हांची व्याख्या बदलताना बहुतेक चुका हा क्रम न पाळल्यामुळेच होतात.

आता त्या व्यवस्थेकडे येऊ. तिचं नाव टेक. शेवटचं अक्षर ग्रीक आहे, म्हणून ‘टेक्स’ म्हणायचं नाही असा तिच्या कर्त्याचा आग्रह. कर्ता म्हणजे स्टॅनफर्डचे डोनाल्ड नूथ. संगणकशास्त्रावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. तोवर शिशाचे खिळे जुळवून छापायची पद्धत मागे पडत चालली होती आणि फोटोवरून जुळणी करणारी यंत्रं आली होती. १९७७ मध्ये त्या नव्या यंत्रावरची मुद्रितं हातात आली आणि ती बघून नूथ नाराज झाले. आधीच्या आवृत्तीतलं गणित सुंदर होतं, हे ओबडधोबड दिसत होतं. त्यांनी ठरवलं, आपणच जुळणीची व्यवस्था लिहायची. थोडक्यात आटपेल असं वाटलेल्या त्या कामाला वर्षं लागली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक नावाचा थर चढवला. आज गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र यांतले शोधनिबंध मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीनं लिहिले जातात.

पद्धत अशी. कळफलकावर ग्रीक अक्षरं नसतात. म्हणून उलटी तिरकी रेघ काढायची आणि पुढे चिन्हाचं नाव लिहायचं. रेघ आणि ‘फाय’ लिहिलं की कागदावर ग्रीक फाय उमटतो. या नावाला कमांड म्हणतात, आपण हुकूम म्हणू. खिळे जुळवणारा माणूस खणातून खिळा उचलायचा. इथे लिहिणारा नाव पुकारतो आणि यंत्र खिळा आणतं. पण कोणत्या खणातून आणायचा? तो खण कोण ठरवतं?

खरी गंमत इथे आहे. फाय हे अक्षर दोन वळणांनी लिहितात. एक सरळ : गोल आणि त्यातून आरपार उभी रेघ. दुसरं एका ओढीत काढलेलं, वरून उघडं, वळणदार. नूथ यांनी ‘फाय’ हे नाव सरळ वळणाला दिलं आणि वळणदार रूपाला ‘व्हारफाय’, म्हणजे फायचा पर्याय, असं नाव दिलं. एप्सिलॉनचंही तसंच. ज्यांच्या परंपरेत वळणदार रूपच मूळ मानतात, त्यांना हा उलटा प्रकार वाटतो. आपल्या घरच्या माणसाला पाहुणा म्हटल्यासारखं! रिकाम्या संचाच्या चिन्हाचीही तीच कथा. ते चिन्ह आंद्रे वेल यांनी नॉर्वेजियन लिपीतल्या अक्षरावरून घेतलं, म्हणजे गोलावर तिरकी रेघ. टेकच्या मूळ ठेवणीत ते अरुंद, काट मारलेल्या शून्यासारखं दिसतं, म्हणून पुष्कळजण अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या संचातलं गोल रूप घेतात. ‘लहान किंवा समान’ या चिन्हाची खालची रेघ आडवी की तिरपी, यावरही देशोदेशी सवयी वेगळ्या आहेत.

मग लोक काय करतात? निबंधाच्या सुरुवातीला एक ओळ लिहितात : यापुढे ‘फाय’ म्हटलं की व्हारफाय समजावं. याला म्हणतात पुनर्व्याख्या. एका ओळीचं काम. आणि ते करायचे दोन मार्ग आहेत, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला मार्ग, ‘डेफ’. यात नावापुढे एक निरोप लिहून ठेवलेला असतो. नाव पुकारलं की यंत्र तो निरोप वाचतं आणि त्या क्षणी त्यात जे सांगितलंय ते करतं. दुसरा मार्ग, ‘लेट’. यात आज या घडीला त्या नावाचा जो अर्थ आहे त्याची नक्कल काढून दुसऱ्या नावाखाली ठेवली जाते. पुढे मूळ बदललं तरी नक्कल बदलत नाही. तहसील कचेरीतून नक्कल काढलेल्या माणसाला हा फरक लगेच कळेल.

आता कुणी हौशी माणूस ठरवतो, दोन्ही रूपांची अदलाबदल करू. तो लिहितो, फाय म्हणजे व्हारफाय; आणि खालच्या ओळीत, व्हारफाय म्हणजे फाय. दोन्ही निरोप, नक्कल एकाचीही नाही. यंत्र फायकडे गेलं की तिथे पाटी, व्हारफायकडे जा. तिथे गेलं की पाटी, फायकडे जा. तलाठी म्हणतो तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात तलाठ्याकडे जा! यंत्र चूकसुद्धा दाखवत नाही, नुसतं फिरत राहतं. कारण त्याच्या दृष्टीनं प्रत्येक पाऊल बरोबरच आहे. उपाय घरगुती आहे. दोन तांब्यांतलं दूध आणि पाणी बदलायचं तर तिसरा तांब्या लागतो. फायची नक्कल तिसऱ्या नावाखाली ठेवायची, मग फायला व्हारफायचा अर्थ द्यायचा, मग व्हारफायला त्या ठेवलेल्या नकलेचा. नव्या पैशानं सात वर्षं जे केलं, ते इथे तीन ओळींत होतं.

लॅम्पोर्ट यांनी यात एक गोष्ट आणली, तिचं कौतुक व्हावं तेवढं होत नाही असं आम्हाला वाटतं. नूथ यांचा ‘डेफ’ कुणाला विचारत नाही. ते नाव आधी कुणाचं होतं, कुठे वापरात आहे, काही बघत नाही. जुना अर्थ पुसतो आणि नवा बसवतो. लॅम्पोर्ट यांनी दोन वेगळे हुकूम केले. एक नवं नाव ठेवण्यासाठी; ते नाव आधीच घेतलेलं असेल तर यंत्र अडतं आणि तसं सांगतं. दुसरा जुनं नाव बदलण्यासाठी. तसं नाव नसेलच तर तिथेही अडतं. म्हणजे लिहिणाऱ्याला आपला इरादा सांगावा लागतो : मी नवं घर बांधतोय की जुन्यात शिरतोय? ही विचारणा नसली की काय होतं त्याचं एक नेहमीचं उदाहरण. ‘सी’ या एका अक्षराचा हुकूम लाटेकमध्ये आधीपासून आहे. फ्रेंच नावांतल्या सी-खाली शेपटी काढायला तो लागतो. एखादा विद्यार्थी आपल्या प्रबंधात कुठल्यातरी स्थिरांकासाठी ‘डेफ’नं तेच नाव उचलतो. दीडशे पानं सगळं ठीक. शेवटी संदर्भसूचीत एका फ्रेंच लेखकाचं नाव येतं आणि त्याच्या आडनावात मधेच तो स्थिरांक छापला जातो. दोष कुठे आहे हे शोधायला रात्र जाते, कारण तो पहिल्या पानावर असतो आणि दिसतो शेवटच्या.

एक शंका इथे येतेच : चिन्हाचा अर्थ तर ठरलेलाच असतो ना, मग हे बदलणारे कोण? नाही मंडळी, ठरलेला कधीच नव्हता. बख्शाली हस्तलिखितात संख्येच्या पुढे आपल्या अधिकासारखी फुली दिसते, आणि तिचा अर्थ आहे ऋण! भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब येतं, अज्ञात राशींना या, का, नी अशी अक्षरं येतात, यावत्तावत्, कालक, नीलक यांची आद्याक्षरं. आज टिंब म्हटलं की आपल्याला दशांश आठवतो. आणि ‘साइन’चं काय झालं बघा. आपला शब्द ज्या, किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत तो गेला ‘जीबा’ म्हणून. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, उरली नुसती व्यंजनं. ती पुढच्यांनी ‘जैब’ अशी वाचली, म्हणजे वस्त्राची घडी, खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द घातला. परभणीच्या दखनीत आजही खिशाला जेब म्हणतात, तो हाच शब्द. दोरीचा खिसा झाला, आणि कुणी पुनर्व्याख्येची ओळसुद्धा लिहिली नाही. आज कुणाला वाटलं तर लाटेकमध्ये ‘साइन’च्या हुकमाला कागदावर ‘ज्या’ छापायला लावता येतं. रशियन लोक ‘टॅन’ऐवजी त्यांच्या रूढीप्रमाणे ‘टीजी’ छापतातच.

हा प्रकार इथे शाळेतही घडला आहे. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादेत १९१७ मध्ये भाषांतर खातं निघालं आणि त्याची सूत्रं मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ आपल्या औरंगाबादेत गेला. उस्मानिया विद्यापीठासाठी पाठ्यपुस्तकं उर्दूत आणायचं काम या खात्याचं. त्या भाषेत त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे ज़ाविया. मराठी घरातला मुलगा घरी पाढे मराठीत म्हणायचा आणि शाळेत मुसल्लस काढायचा. १९४८ नंतर मुसल्लसचा त्रिकोण झाला, तीन बाजू त्याच राहिल्या. पुढे मराठी पुस्तकांतही शिरोबिंदू अ, ब, क जाऊन रोमन अक्षरं आली. प्रत्येक वेळी हे ठरवणारे वर्गाबाहेरचे होते, आणि ज्याचं शिक्षण त्या बदलाच्या मधे सापडलं त्याला तेच गणित दोनदा शिकावं लागलं. असा बदल अजिबात करू नये असं आमचं म्हणणं नाही. उर्दूतली ती भाषांतरं फार मोठं काम होतं. पण शिकणाऱ्याच्या हातात जुन्याची नक्कल राहिली पाहिजे.

आता आपल्या लिपीकडे वळू, कारण फाय-व्हारफायचा सगळा मामला देवनागरीतही आहे आणि तो आपल्या जास्त जवळचा आहे. देवनागरीचे खिळे दोन मोठ्या घराण्यांचे झाले, मुंबई वळण आणि कलकत्ता वळण. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यानं, १८६९ पासून, जे वळण घडवलं त्यानं मराठी आणि संस्कृत छपाईचा चेहरा ठरवला. अ, झ, ण, शिवाय ५, ८, ९ हे अंक, दोन्हीकडे वेगळे दिसतात. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचे फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेकसाठी देवनागरी तयार केली. तीत रोमन अक्षरांत मजकूर लिहायचा आणि एक छोटा कार्यक्रम त्याचं देवनागरी टेकमध्ये रूपांतर करायचा. पुढे त्या व्यवस्थेत मुंबई, कलकत्ता आणि नेपाळी अशी वळणं निवडायची सोय आली. लिहिलेला मजकूर तोच. एक हुकूम बदलला की अक्षरांचे खिळे दुसऱ्या खणातून येतात. कुठलंही वळण खोटं ठरवलं नाही, प्रत्येकाला आपलं नाव दिलं. हाली आणि कलदार!

याच्या उलट आपल्याकडे टंकलेखनाच्या दुकानांत काय झालं ते आठवा. नव्वदीच्या दशकात जे मराठी फाँट आले, त्यांतल्या पुष्कळांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच राहिलं, फक्त चित्र देवनागरीचं. यातही पुनर्व्याख्याच आहे, पण ती फाइलमध्ये कुठे लिहिलेली नाही. ती फाँटच्या पोटात आहे. फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की मराठी नाहीशी होते आणि अगम्य रोमन जंतरमंतर समोर येतं. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे ठराव अशा फाइलींत अडकलेले आहेत. रुपयाच्या नव्या चिन्हाचंही पहिल्या दिवसांत तेच झालं. १५ जुलै २०१० ला चिन्ह स्वीकारलं गेलं, आणि लगोलग एक फाँट निघाला, त्यानं ते चिन्ह कळफलकावरच्या उलट्या स्वल्पविरामासारख्या खुणेच्या जागी बसवलं. फाँट बदलला की रुपया गायब, खूण शिल्लक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडनं त्याला स्वतःची जागा दिली आणि प्रश्न मिटला.

युनिकोडलाही हे नेहमी साधलंय असं नाही. फायच्या दोन रूपांना त्यांनी दोन क्रमांक दिले, पण कोणत्या क्रमांकापुढे कोणतं चित्र हे ३.० आवृत्तीच्या सुमारास अदलाबदल करून घ्यावं लागलं. शिवाय टेकचा ‘फाय’ सरळ आणि युनिकोडचा साधा फाय वळणदार, हा घोळ आहेच.

मराठीचा ल आणि श घ्या. हिंदी वळण वेगळं, आपलं वेगळं. क्रमांक मात्र एकच. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं प्रमाणित केली. पण शासननिर्णयानं फाँट बदलत नाही. तो बदलतो फाँटमधल्या एका सोयीनं : मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की चांगला फाँट ल आणि श मराठी वळणाचे देतो. आजच्या लाटेकमध्ये, म्हणजे २००४ मध्ये आलेल्या झीटेकसारख्या इंजिनावर, फाँट निवडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं लिहायचं. पुष्कळजण फक्त लिपी लिहितात आणि मग हिंदी वळणाचा ल आला म्हणून फाँटला दोष देतात. लिपी म्हणजे रुपया आणि भाषा म्हणजे कलदार, असं समजा.

सभागृहातून एक प्रश्न आलाय, तो घेऊ : मग आम्ही प्रबंध लिहिताना चिन्हांची पुनर्व्याख्या करावी की नाही? स्वतःपुरतं लिहीत असाल तर खुशाल करा, फक्त आधी जुन्याची नक्कल ‘लेट’नं ठेवा. निबंध नियतकालिकाला जाणार असेल, किंवा चौघे मिळून लिहीत असाल, तर करू नका. कारण तुमची ओळ पहिल्या पानावर राहते आणि तुमचं समीकरण दुसऱ्याच्या फाइलीत चिकटवलं जातं. तिथे फाय पुन्हा सरळ होतो. एकाच निबंधात सरळ फाय आणि वळणदार फाय वेगवेगळ्या राशींसाठी वापरले असतील तर समीकरणच चुकतं. त्यापेक्षा रूपावरून नाव न ठेवता अर्थावरून ठेवा. कापसाच्या उत्पादनाच्या सूत्रात फाय जर आर्द्रतेसाठी असेल, तर ‘आर्द्रता’ अशा अर्थाचा नवा हुकूम करा आणि तो कुठलं चित्र काढेल हे एका जागी लिहा. उद्या परीक्षक म्हणाले चिन्ह बदला, तर एक ओळ बदलेल आणि जुन्या कुठल्याच नावाला धक्का लागणार नाही.

जाता जाता एक खूण, जी या जिल्ह्यातल्या जुन्या वह्यांत भरपूर सापडेल. उभा दंड. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग छापताना चरणाच्या शेवटी एक दंड, कडव्याच्या शेवटी दोन. आणि वाण्याच्या खतावणीत चारच्या पुढे एक दंड म्हणजे सव्वाचार, दोन म्हणजे साडेचार, तीन म्हणजे पावणेपाच. एकच रेघ, एकीकडे विराम, दुसरीकडे पाव. माणसाला कधी अडचण आली नाही. समोर अभंग आहे की उधारी, हे त्याला दिसत होतं. यंत्राला ते दिसत नाही. म्हणून २००९ च्या युनिकोडमध्ये पाव, अर्धा आणि पाऊण यांना दंडापेक्षा निराळे क्रमांक मिळाले, आकार तोच असूनही. तेव्हा जुनी खतावणी संगणकावर उतरवायला बसाल, तर चारच्या पुढचा तो दंड कळफलकावरच्या दंडाच्या कळीनं टाकू नका; त्या पावाची कळ वेगळी शोधावी लागते.